तुम्ही विचारलंत म्हणून : वसईच्या ख्रिस्त्यांचे मराठी

‘तुम्ही ख्रिस्ती, मग तुमचे मराठी इतके चांगले कसे?’ हा प्रश्न मला पुण्यात, नाशकात, लग्नाच्या पंगतीत, अगदी रेल्वेच्या डब्यातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच असतो, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेत असे. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीच्या) इतिहासात आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आमचे गाव नंदाखाल, विरारच्या पश्चिमेला, आगाशीच्या शेजारी. येथील पवित्र आत्म्याचे चर्च १५७३ सालचे. जुनी माणसे त्याला देऊळच म्हणत. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि किल्ल्यात येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी, विद्यालय चालवले. पुढे जपानमध्ये नागासाकीला १५९७ साली हुतात्मा झालेले वसईचे गोन्सालो गार्सिया लहानपणी याच पाद्र्यांच्या हाताखाली शिकले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा युरोपीय पाद्री निघून गेले, चर्चच्या घंटाही मराठ्यांनी नेल्या. (नाशिककरांनी हा प्रश्न विचारला, की मी त्यांना त्यांच्याकडच्या नारोशंकर मंदिरातल्या, वसईहून गेलेल्या घंटेची आठवण करून देतो.) गावे मात्र जागेवर राहिली, त्यांचा धर्मही राहिला, आणि पुढचा संसार देशी धर्मगुरूंनी सांभाळला.

आता भाषेचे. नंदाखालच्या घरांत जी बोलली जाते ती सामवेदी, जिला कादोडीही म्हणतात. पुण्याच्या माणसाला ती पटकन कळणार नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, लॅटिनमध्ये होई, घरात सामवेदी असे आणि पुस्तकातली मराठी भेटे ती फक्त चर्चच्या शाळेत. म्हणजे प्रमाण मराठी ही आम्हाला आईकडून आलेली भाषा नव्हे. ती आम्ही पाटीवर गिरवून मिळवली, आणि कष्टाने मिळवलेली वस्तू माणूस जपून वापरतो. सकाळी केळीच्या वाडीत किंवा बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) काठी हात मळवून पोरे शाळेत येत आणि घरातल्या बोलीचे वळण न आणता बोलायला शिकत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्साही मराठीत आली, तेव्हा शाळेतली भाषा वेदीपर्यंत पोहोचली. माझ्या मते हा बदल आम्हाला पेलला, कारण वाचणारी पिढी शाळेने आधीच तयार ठेवली होती.

त्या पिढीतले सर्वांत परिचित नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ते याच गावचे, येथील सेंट जोसेफ मराठी हायस्कूलचे विद्यार्थी. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्या निवडीला काहींनी विरोध केला, तेव्हा मला रेल्वेच्या डब्यातला तोच प्रश्न, फक्त जरा चढ्या आवाजात, पुन्हा ऐकू आला.

१९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली, म्हणजे तिला स्वतःचा बिशप मिळाला. इंग्रजी माध्यमाची ओढ आता आमच्याकडेही आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही, कारण माझ्या मुलीच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेशअर्जावर सही मीच केली. तिला घरातली सामवेदी येते आणि शाळेतली इंग्रजी येते. मधली मराठी मी रविवारी मिस्सेनंतर तिच्याकडून वाचून घेतो.