दुसरं मांजर घरात आणताना

आमचा भोपळ्या म्हणजे फ्लॅटबाहेर कधीच न पडलेला, एकुलता एक बोका. मिरी आली ती मोठी होऊनच, आधीच्या घरी तिला ठेवणं जमेना म्हणून. ‘द्या सोडून एकत्र, दोन दिवस भांडतील आणि गप बसतील,’ असं जो तो सांगत होता. मला ते पटेना. मोकळ्यावर हरलेलं मांजर कुंपण ओलांडून निघून तरी जातं. बंद घरात ते पलंगाखाली शिरतं आणि खाणं सोडतं. मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं. भोपळ्या तर नावाप्रमाणेच.

आधी डॉक्टरांकडे गेलो. जंताचं औषध, लशी आणि रक्ताची तपासणी: एफईएलव्ही (मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू) आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू). पहिला विषाणू लाळेतून, चाटण्यातून, एकाच भांड्यात खाण्यातून जातो. दुसरा मुख्यतः खोल चाव्यातून. दोन्ही निगेटिव्ह आल्यावर मगच मिरी घरी आली आणि थेट मागच्या खोलीत गेली. दार बंद.

मांजराची खरी ओळख वासाने होते. गालावरच्या ग्रंथींमधून जो वास येतो तो सलोख्याचा, म्हणून एक जुना मोजा मिरीच्या गालांवरून फिरवला आणि भोपळ्याच्या ताटलीशेजारी ठेवला. त्याने तो हुंगला, मान वर केली आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून, वरचा ओठ आखडून तसाच थिजून बसला. चेहरा अगदी मठ्ठ दिसतो तेव्हा, पण त्या वेळी टाळूमागच्या इंद्रियापर्यंत वास पोचवण्याचं काम चालू असतं. मग फिस्कारला, आणि जेवायला लागला. जेवला, हे महत्त्वाचं.

पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, रोज थोड्या जवळ सरकवत. मग दाराला जाळी. फिस्कारण्याला मी घाबरले नाही, ते ‘लांब राहा’ एवढंच सांगणं असतं. धास्ती वाटायची ती आवाज न करता रोखून बघण्याची, शेपटीचं टोक तेवढं हलत असायचं. तसं झालं की मध्ये पुठ्ठा धरायचा. हाताने सोडवायला जाणं म्हणजे टाके घालून घेणं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते लिटर ट्रेने, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या ट्रेने. नियम सोपा आहे: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. पण तिन्ही एका कोपऱ्यात ठेवले तर ते एकच ठरतात, कारण एक मांजर वाटेत बसलं की दुसऱ्याची वाट बंद. तणावात बोक्यांची लघवी अडू शकते, आणि पूर्ण अडली तर तासांत डॉक्टर गाठावा लागतो. त्यामुळे भोपळ्याच्या ट्रेमधल्या लघवीच्या गुठळ्या मी रोज बघत असे. घरच्यांना हे किळसवाणं वाटायचं. वाटो.

कपाटाच्या माथ्यावर चढायला दोन फळ्या ठोकल्या आणि भांडणं निम्म्यावर आली. वर मिरी, खाली भोपळ्या, अशी वाटणी त्यांनीच केली. गळ्यात गळा घालून ती दोघं झोपत नाहीत, झोपतील असंही वाटत नाही. तिसरा ट्रे अजून हॉलमध्येच आहे. पाहुणे नाक मुरडतात, पण तो काही तिथून हलणार नाही.