बांडगूळ नव्हे, सीतेची वेणी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मुलुंडहून धीमी लोकल पकडून मी भायखळ्याला उतरले आणि पूर्वेकडून बाहेर पडून राणीच्या बागेच्या दिशेने चालू लागले. महापालिकेचे वार्षिक झाडाफुलांचे प्रदर्शन सुरू होते आणि गर्दी व्हायच्या आत ऑर्किडचा मांडव निवांतपणे पाहायचा, एवढाच हेतू मनात होता. हवेत अजून थोडा गारवा होता. मुंबईत वसंत येतो तो असाच, पहाटेपुरता; दहा वाजले की तो उन्हात विरघळून जातो.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव होते आणि पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, तरी भायखळ्याच्या लोकांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती पाहून पुढे गेले. बहुतेक मंडळी पेंग्विन पाहायला वळतात. ही मुळात वनस्पतींची बाग आहे, याची आठवण आपल्याला अशा प्रदर्शनाच्या निमित्तानेच होते, हे मला मनापासून खटकते.

फुलांच्या मोठमोठ्या रचनांसमोर छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग लागली होती. तिथे मी फार थांबले नाही. हिरव्या जाळीखालच्या ऑर्किडच्या मांडवात शिरल्यावर मात्र पाय आपोआप मंदावले. पांढऱ्या आणि जांभळ्या फॅलेनॉप्सिसच्या कमानदार दांड्या, दादरच्या फुलबाजारात जुडीने मिळणारी आणि इथे मात्र झाडावर डोलणारी डेन्ड्रोबियमची फुले, आणि वर दोरीला टांगलेले व्हँडा, ज्यांना ना कुंडी ना माती, नुसती हातभर लांबीची राखाडी मुळे हवेत लोंबत होती.

फॅलेनॉप्सिसशी माझे एक जुने दुखणे आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला भेट आलेले असेच एक झाड मी मोठ्या मायेने तांबड्या मातीत लावले, शेणखत घातले आणि तुळशीसारखे रोज पाणी घातले. महिन्याभरात पाने पिवळी पडली आणि कुंडी उलटी केली तेव्हा मुळे भिजलेल्या सुतळीसारखी हातात सुटून आली. आईने काही म्हटले नाही, पण पुढे कित्येक दिवस ती रिकामी कुंडी खिडकीत तशीच राहिली होती.

मांडवातल्या एका उत्पादक काकांना मी हे सांगितले. पालघरकडे त्यांची शेडनेटमधली शेती आहे. त्यांनी उत्तर देण्याऐवजी फवारणीची बाटली उचलली आणि टांगलेल्या एका व्हँडाच्या मुळावर पाणी मारले. चांदीसारखे दिसणारे ते मूळ माझ्या डोळ्यांदेखत हिरवे होत गेले; आधी ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळले आणि अर्ध्या मिनिटात ते वीतभर मूळ कोवळ्या शेंगेच्या रंगाचे झाले.

“ताई, कुंडीकडे बघून पाणी घालू नका, मुळाकडे बघा,” ते म्हणाले. “पांढरं दिसलं की तहान लागलीय, हिरवं दिसलं की पोट भरलंय. भरल्या पोटी कुणी जेवतं का?”

त्या मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून ते रुपेरी दिसते. भिजले की पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग बाहेर डोकावतो. पावसाची सर, दव, फांदीवरून ओघळणारे पाणी, जे काही मिळेल ते हे आवरण टिपून घेते. अशा मुळांना हवा खेळती लागते, म्हणून कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचे सोडण यांतच ही झाडे सुखाने राहतात. मी मातीत पुरले तेव्हा त्या झाडाचा श्वासच कोंडला होता, हे मला त्या मांडवात उभी असताना नीट कळले. घरातल्या झाडाला पुन्हा दांडी का येत नाही, या शेजारच्या बाईंच्या प्रश्नावर काकांनी सांगितले की फॅलेनॉप्सिसला काही आठवडे २५ अंशांखालच्या रात्री लागतात. मुंबईत त्या हिवाळ्यात मिळतात, तेव्हा झाड खिडकीजवळ ठेवावे.

त्यांच्या टेबलावर टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या, बाटल्याही होत्या. अगारच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या, थरावर तांदळाएवढी हिरवी रोपे दाटीने उभी होती. ऑर्किडच्या एका बोंडात लक्षावधी बिया असू शकतात, पण त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि हरभऱ्याच्या दाण्यात असते तशी शिदोरी त्यांच्याजवळ नसते. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले आणि तिथून या बाटल्यांची वाट मोकळी झाली. बाटलीतून फुलापर्यंत पोहोचायला काही वर्षे जातात. हे ऐकल्यावर कुंडीच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

अनोख्या वनस्पतींच्या भागात अडेनियमची फुगीर बुंध्यांची झाडे ओळीने मांडली होती, ती मी चालता चालताच पाहिली. टिलँडसियाजवळ मात्र रेंगाळले. आपल्या अननसाच्याच कुळातली ही वनस्पती. तिची मुळे असलीच तर केवळ धरून राहण्यापुरती, पाणी ती पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांनी पिते. मेघालयातली कीटकभक्षी घटपर्णीही होती, नेपेन्थिस खासियाना, भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारी या वंशातली एकमेव जात. एक लहान मुलगा तिच्या सुरईत बोट घालू पाहत होता आणि त्याची आजी त्याला हळू आवाजात समजावत होती.

निघता निघता कोपऱ्यातल्या एका ओंडक्याकडे लक्ष गेले. त्यावर जाड पट्ट्यांसारखी पाने असलेले झाड बांधले होते, फूल एकही नव्हते आणि त्यापुढे कुणी थांबतही नव्हते. पाटीवर लिहिले होते: रिंकोस्टायलिस रेटुसा, सीतेची वेणी.

हे झाड मी लहानपणापासून पाहिले आहे. राजापूरजवळच्या आमच्या आजोळी विहिरीकाठच्या रायवळ आंब्यावर मे संपता संपता गुलाबी ठिपक्यांचे पांढरे घोस वेणीसारखे लोंबतात. आसामात हेच कोपौ फूल, तिथले राज्यफूल, बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यात माळतात. आणि आमच्याकडे? कलमांची साफसफाई करताना गडी बांडगुळाबरोबर तेही कोयत्याने खरवडून टाकतात. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून झाडाचा रस ओढते, ते काढलेच पाहिजे. सीतेची वेणी मात्र सालीला नुसती धरून बसते आणि आंब्याचे काही घेत नाही. हा गोंधळ जुनाच म्हणायचा, कारण व्हँडा हे नाव ज्या संस्कृत ‘वंदा’ शब्दावरून आले, तो शब्द बांडगुळालाही लावला जाई. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली देशातल्या ऑर्किडच्या १,२५६ जातींची यादी प्रसिद्ध केली. त्यांतली एक आमच्या विहिरीवर आहे आणि आम्ही तिला ओळखतसुद्धा नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आईसाठी एक छोटे पांढरे फॅलेनॉप्सिस घेतले. भायखळ्याच्या फलाटावर पिशवी मांडीवर ठेवून मामांना फोन लावला.

“मामा, यंदा गडी झाडावर चढतील तेव्हा विहिरीवरच्या आंब्याची जाड पानांची झाडं काढायला सांगू नका. ते बांडगूळ नाही.”

“अगो, ती वेणी ना?” मामा म्हणाले. “विहिरीकडची फांदी मागच्याच वर्षी साफ केली. वरच्या बेचक्यात एक राहिलीय बघ, तिथवर गड्याचा कोयता पोचला नाही.”

मेअखेरीस जाण्याचे मी त्यांना तिथेच सांगून टाकले.