स्लॅबमधला राणीछाप आणि बारा वाजताची कडी

ग्रेडिंग झालेलं नाणं, म्हणजे कंपनीने तपासून दर्जाचा आकडा दिलेलं आणि 'स्लॅब' नावाच्या प्लॅस्टिकच्या बंद डबीत घातलेलं, चांगले पैसे मोजून घेतलं आणि मग त्यावर कंपनीच्या नजरेतून सुटलेला दोष सापडला, तर पुढे काय होतं? न्यू जर्सीत राहून मी या भानगडीतून पार गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव घेणार नाही. चूक एका नाण्यापुरती होती आणि शेवटी त्यांनी ती मानली.

नाणं म्हणजे 1862चा राणीछाप रुपया, मुंबई टांकसाळीचा. या रुपयावर 1862 हे साल 1874पर्यंत तसंच ठेवलं होतं आणि मुंबईत प्रत्यक्ष कोणत्या वर्षी पाडला ते कळावं म्हणून बारीक ठिपके देत. त्यामुळे राणीछापचे हौशी लोक भिंग लावून आधी ठिपके मोजतात. लिलावातून घेतलेला हा रुपया हातात आल्यावर मीही तेच करत होतो. लेबलवर एमएस (मिंट स्टेट) 62. शेल्डनची ही मोजपट्टी 1 ते 70ची, 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी निघाली आणि आता जगभरच्या नाण्यांना लावतात. 60च्या पुढे म्हणजे नाणं चलनात फिरलेलंच नाही.

ठिपके मोजून झाले आणि स्लॅब दिव्याखाली तिरका केला, तेव्हा राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, घड्याळात बारा असतात तिथे, कडेचे दाणे चेपल्यासारखे दिसले. नाणं जागेवर धरून ठेवायला स्लॅबमध्ये प्लॅस्टिकच्या चिमट्या असतात. त्यातली एक नेमकी तिथेच टेकलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून पाहिलं तर कडेवरच्या उभ्या खाचा तेवढ्या जागी गायब. बाकी सगळीकडे त्या लख्ख होत्या.

मोबाइलने फोटो काढून पुण्याला मामांना पाठवले. मामांची रविवार पेठेत चांदीकामात हयात गेली. त्यांचा लगेच फोन आला. "अरे, कडी काढलीय याची. कानस मारलेली दिसतेय. डाख कसला आहे बघ, कथलाचा असेल तर काळसर दिसेल."

"मामा, डबी उघडता येत नाही हो. उघडली की हमी गेली."

"मग चिमटीच्या कडेने बघ ना!"

पाहिलं. एका खाचेच्या तळाशी काळपट करडा कण होता.

आपल्याकडे राणीछाप रुपया पुरुषांच्या खिशापेक्षा बायकांच्या गळ्यात जास्त राहिला म्हटलं तरी चालेल. बंजारा बायकांच्या दागिन्यांत तो असतो, गावोगावच्या रुपयांच्या माळांत असतो, लहान मुलांच्या गळ्यातही बांधलेला असतो. ओवायची कडी मुकुटाच्या वर डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून, जोडतात. त्यामुळे असा रुपया हातात आला की मराठी माणसाने आधी बारा वाजता बघावं. दुसरा रोग लक्ष्मीपूजनाचा. वर्षानुवर्षं चिंच नाहीतर रांगोळी लावून घासलेल्या रुपयावर केसासारख्या ओरखड्यांचं जाळं होतं. ग्रेडिंगवाले असल्या नाण्यांना आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' लिहून पुढे कारण देतात: साफ केलेलं, कडी काढलेली, भोक बुजवलेलं. आकडा आणि डिटेल्स यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आता अमेरिकेतल्या टेबलावर दिवसभर डॉलर बघणाऱ्या माणसाचा डोळा आपण होऊन मुकुटाच्या वर जावा, ही अपेक्षा फार झाली का? माझ्या मते नाही, कारण पैसे ते त्याचेच घेतात. पण एकेका नाण्याला काही सेकंदच मिळतात हेही खरं.

आधी लिलाववाल्यांना लिहिलं. त्यांच्या अटींतच होतं की दुसऱ्या कंपनीने ग्रेड केलेलं नाणं परत घेत नाही. हा नियम बहुतेक ठिकाणी असतो, बोली लावण्याआधी वाचून ठेवा. म्हणजे उरली ग्रेडिंग कंपनीची हमी. तिचा सार असा: ग्रेड जास्त दिली असेल किंवा नाणं खोटं निघालं, तर बाजारभावाने नाणं विकत घेऊ किंवा फरक देऊ. लेबलवरची टायपिंगची ढोबळ चूक हमीत बसत नाही आणि तांब्याचा रंग नंतर बदलला तर तोही नाही. नाणं मूळ स्लॅबमध्येच, न फोडता गेलं पाहिजे.

मामांकडे हेच नाणं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भारतात बसून जुन्या रुपयाचा स्लॅब घ्यायचा आणि हमीवर भिस्त ठेवायची, तर नाणं परत दाखवायचं कुठे आणि कसं हे विकणाऱ्याला आधी विचारलेलं बरं. मी अमेरिकेतच होतो, म्हणून पोस्टाच्या रजिस्टर्ड मेलने पाठवलं. ती सेवा संथ आहे, पण पाकीट हातोहात सहीने पुढे जातं, नाणेवाल्यांचा तिच्यावर जीव आहे.

फोटोंवरून काही सांगणार नाही, नाणं पाठवा, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पाठवलं, तर 'ग्रेड कायम' अशी एक ओळ लिहून परत आलं. ती चिमटी होती तिथेच होती. माझा संशय असा की स्लॅबमधूनच वरवर पाहिलं असणार. मग फोन केला आणि एका शहाण्या बाईंनी रस्ता दाखवला: अर्जावर नुसतं 'पुनर्तपासणी' लिहू नका, नेमकी जागा आणि नेमका संशय लिहा आणि नाणं स्लॅबबाहेर काढून कड तपासायला लेखी परवानगी द्या. तसं केलं. बारा वाजता बाण काढलेला मोठा फोटो पाकिटात घातला, मामांनी सांगितलेलं कथलाचं दोन वाक्यांत इंग्रजीत लिहिलं आणि वजन करून कळवा अशी विनंतीही केली, कारण या रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम.

या वेळी उत्तर ईमेलने आलं. कडी काढल्याच्या खुणा मान्य, ग्रेड मागे. वजनाबद्दल अवाक्षर नाही. दोन पर्याय दिले: नाणं त्यांना विकायचं, किंवा डिटेल्सच्या लेबलसह परत घेऊन फरकाचे पैसे घ्यायचे. मी नाणं परत घेतलं.

घासाघीस झाली ती फरकाच्या रकमेवर. मी ज्यादा पैसे मोजले होते ते दुर्मीळ ठिपक्यांसाठी, आणि लेबलवर ठिपक्यांचा उल्लेखच नव्हता, नुसतं '1862 मुंबई'. कंपनीचं म्हणणं, लेबलवर जे लिहिलंय त्याचीच हमी, म्हणून भाव साध्या 1862चा धरला. नियमाने त्यांचं बरोबर होतं आणि तरी मी भांडलो. रक्कम हलली नाही, पण तपासणीची फी आणि दोन्ही वेळचं टपाल त्यांनी परत दिलं. चेक बँकेत टाकला, लिलावात मोजलेल्या किमतीच्या निम्म्याच्या थोडा वर.

मामांचा निरोप आलाय की डबी फोडून टाक आणि दिवाळीला पूजेत ठेव, फक्त चिंच लावू नकोस.