आटे धरत नाहीत तेव्हा

घोट्याच्या बाहेरच्या हाडावर प्लेट बसवताना रुग्णाचे वय केसपेपरवर पाहावे लागत नाही, ते स्क्रू पिळणाऱ्या मनगटाला कळते. पंचविशीतल्या मुलाच्या हाडात ३.५ मिलिमीटरचा स्क्रू फिरवत नेला की शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला हाताला ताण जाणवतो, बारीकशी करकर होते आणि स्क्रूचे डोके प्लेटच्या भोकात घट्ट बसते. सत्तरीच्या बाईच्या हाडात तोच स्क्रू त्याच जागी येऊन गुळगुळीत फिरतच राहतो. ‘आटे धरत नाहीत,’ असे मी तेव्हा म्हणतो आणि समोर उभी असलेली सिस्टर न विचारता दुसऱ्या डब्याकडे हात नेते.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात माझ्याकडे असे दोन घोटे आले. एक सव्वीस वर्षांच्या मुलाचा, चिखलात मोटरसायकल घसरून मोडलेला. दुसरा एकाहत्तर वर्षांच्या आजींचा, न्हाणीबाहेरच्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकल्यामुळे. दोन्ही एक्स-रे शेजारी लावले तर कोणता कोणाचा हे शिकाऊ डॉक्टरला चटकन सांगता आले नसते. बाहेरचे बारीक हाड सांध्याच्या पातळीवर तिरके मोडलेले, आतल्या बाजूचा उंचवटा तुटलेला आणि मधले टॅलसचे हाड बाहेरच्या बाजूला सरकलेले. मुलाचे वडील म्हणाले, “डॉक्टर, पोरगं तरणं आहे, हाड लगेच जुळेल. प्लास्टरवर भागवा की.” आजींचा मुलगा म्हणाला, “आईचं हाड आता ठिसूळ झालंय, तिला प्लेटच घाला, म्हणजे काळजी मिटली.” दोघांचाही तर्क ऐकायला सरळ होता, आणि मी दोघांनाही उलटे सांगितले.

त्यामागचे कारण घोट्याच्या रचनेत आहे. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरचे बारीक हाड मिळून खाली एक खाच तयार करतात आणि सुताराने कुसू बसवावे तसे टॅलस त्या खाचेत बसते. हे बसणे इतके नेमके असते की टॅलस बाहेरच्या बाजूला केवळ एक मिलिमीटर सरकले, तरी सांध्यातील दोन पृष्ठभागांचा एकमेकांशी येणारा संपर्क ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ साली मृतदेहांच्या घोट्यांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात आढळले. पुढे इतरांच्या मोजमापांत हा आकडा कमी-अधिक आला; तथापि थोडे सरकणेही सांध्याला महाग पडते, ही समजूत आमच्या शाखेत तेव्हापासून पक्की झाली. सव्वीस वर्षांच्या मुलाला या घोट्यावर अजून चाळीस-पन्नास वर्षे उभे राहायचे आहे. हाड जुळेल यात शंका नसते. ते वाकडे जुळले तर चाळिशीतच सांधा झिजू लागेल, ही चिंता असते. तरुणाच्या बाबतीत प्लेट घालायची ती हाड जागेवर तंतोतंत आणून तिथेच राखण्यासाठी.

येथे एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ‘घोटा फ्रॅक्चर’ एवढे ऐकले की लोक थेट ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा विचारतात. केवळ बाहेरचे हाड मोडले असेल, आतली बाजू शाबूत असेल आणि ताण देऊन काढलेल्या एक्स-रेमध्येही टॅलस जागचे हलत नसेल, तर वय काहीही असले तरी प्लेटची गरज नसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात तर अशा स्थिर फ्रॅक्चरला नेहमीच्या सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचे प्लास्टरही पुरेसे ठरले.

मुलाचे ऑपरेशन सरळ झाले. तिरक्या मोडीला आडवा एक स्क्रू घालून दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून घेतले आणि त्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, नळीचा एक-तृतीयांश भाग उभा कापून काढावा तशा आकाराची प्लेट बसवली. आतल्या तुकड्याला दोन स्क्रू लावले. मग बाहेरच्या हाडाला आकडा लावून ते ओढले आणि सी-आर्मच्या, म्हणजे थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर खाच रुंदावत नाही ना, हे पाहिले. खाच हलली असती तर दोन हाडे एकत्र बांधणारा आणखी एक स्क्रू घालावा लागला असता. तरुण हाडात ही कामे करताना समाधान मिळते, हे कबूल करायला हरकत नाही. प्रत्येक तुकडा कोड्यातल्या ठोकळ्यासारखा आपल्या जागी बसतो.

वयस्क घोट्याची गोष्ट हाडाच्या आधी कातडीपासून सुरू होते. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतेच, आणि वयाबरोबर ती कातडी कागदासारखी पातळ होत जाते. हे मी पुस्तकात वाचले होते, शिकलो मात्र फार महागात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मधुमेही बाईंच्या सुजलेल्या घोट्यावर मी दुसऱ्याच दिवशी प्लेट घातली, कारण थिएटर रिकामे होते आणि नातेवाइकांना घाई होती. एक्स-रे सुंदर आला. बाराव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात त्या फटीतून प्लेटची चकाकी दिसू लागली. त्या बाईंना पुढे आणखी दोन ऑपरेशने सोसावी लागली आणि त्यातले एकही मोडलेल्या हाडासाठी नव्हते. तेव्हापासून पाय उशीवर उंच ठेवून, कच्चे प्लास्टर देऊन, सूज ओसरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत मी थांबतो. त्यात आठ-दहा दिवस गेले तरी चालतात.

आजींच्या पायावर पाण्याचे फोड होते, मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि पावलांना मुंग्या येत असल्याचे त्या स्वतःहून सांगत होत्या. त्यांच्या मुलाला मी ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साठीच्या पुढच्या, अस्थिर घोटा मोडलेल्या ६२० जणांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली होती आणि निम्म्यांना कमीत कमी कापूस वापरून पायाच्या आकाराबरहुकूम घडवलेले प्लास्टर दिले होते. सहा महिन्यांनी चालणे, जिना, दुखणे वगैरेंचा गुणांक शंभरपैकी शस्त्रक्रियेच्या गटात ६६ आणि प्लास्टरच्या गटात ६४.५ आला, म्हणजे व्यवहारात फरक नाही. जखम उकलणे किंवा पू होणे शस्त्रक्रियेनंतर १० टक्के लोकांत दिसले आणि प्लास्टरनंतर १ टक्का. उलट हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण प्लास्टरमध्ये १५ टक्के होते, शस्त्रक्रियेत ३ टक्के. प्लास्टर दिलेल्यांपैकी १९ टक्के लोकांना हाड सरकल्यामुळे पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

हे आकडे वाचून ‘म्हाताऱ्यांना प्लास्टर, तरुणांना प्लेट’ असा फलक लावणारे माझे काही मित्र आहेत. मला ते पटत नाही. त्या अभ्यासातील प्लास्टर म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीत वॉर्डबॉयने गुंडाळलेले प्लास्टर नव्हे. भूल देऊन, थिएटरमध्ये, त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या सर्जनने ते तळहाताने दाबून घडवलेले होते. आजींचे प्लास्टर मीही तसेच केले, आणि ते सुकेपर्यंत टाच आत ढकलून धरताना माझे दोन्ही अंगठे बधिर झाले. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढला. सूज उतरून प्लास्टर ढिले झाल्यामुळे दुसऱ्या आठवड्यात ते बदलावे लागले, आणि त्या एक्स-रेची वाट पाहताना मी प्लेटचा विचार सोडून दिलेला नव्हता.

प्लेट घालावीच लागली असती, तर ती मुलाला घातली तशी घातली नसती. बाहेरचे हाड बहुधा असे तिरके मोडते की खालचा तुकडा मागे आणि वर सरकू पाहतो. म्हणून प्लेट हाडाच्या मागच्या अंगाला बसवली की उतारावरच्या चाकामागे दगड लावावा तशी ती त्या तुकड्याला अडवते. खालच्या ठिसूळ तुकड्यात स्क्रूने फार पकड घ्यावी लागत नाही आणि प्लेटवर कातडीचे पांघरूणही जाड मिळते. पायाचे स्नायुबंध मात्र कधीकधी तिच्यावर घासतात. दुसरा मार्ग लॉकिंग प्लेटचा. तिच्यात स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटमध्येच अडकतात, त्यामुळे सगळी भिस्त हाडाच्या पकडीवर राहत नाही. पण ही प्लेट जाड असते, महाग असते, आणि ज्या कातडीची आपण एवढी काळजी करतो त्याच कातडीखाली ती बसते. कधी स्क्रू बारीक हाडातून पार करून नडगीच्या हाडात न्यावे लागतात, म्हणजे निदान तिथे तरी आटे धरतात.

पाय टेकवण्याचा प्रश्न याहून अवघड. तरुणाला ‘सहा आठवडे पाय टेकवू नको’ असे सांगितले की तो कुबड्यांवर गावभर उड्या मारत फिरतो. आजींच्या दंडांत तेवढे बळ नसते. एका पायावर वॉकर उचलायला सांगणे म्हणजे दुसरे फ्रॅक्चर मागून घेणे. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी वजन देणे हे सहा आठवड्यांनी देण्यापेक्षा वाईट ठरत नाही, असे ब्रिटनमधील आणखी एका अभ्यासाने २०२४ साली दाखवले, त्यामुळे मीही आता पूर्वीपेक्षा लवकर टेकवायला सांगतो. मधुमेहाने पावलाची संवेदना गेली असेल तर मात्र नाही. तिथे मी नेहमीची मुदत जवळपास दुप्पट करतो.

मुलाला मोटरसायकलची घाई होती. घोटा उजवा होता आणि मागचा ब्रेक उजव्या पायानेच दाबायचा असतो. शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला साधारण नऊ आठवडे लागतात, असे मोटारचालकांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. ते सांगून मी त्याला तेवढे थांबवले. आता बुटाची कड प्लेटवर घासते म्हणून ती काढायची का, असे तो विचारतो. वर्ष होऊ दे, मग पाहू, असे म्हणालो आहे.

आजींचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. आतल्या तुकड्यात एक्स-रेवर बारीकशी फट अजून दिसते, टॅलस मात्र जागेवर आहे. पाय काठीसारखा बारीक झाला होता. त्यांना चुलीपुढे उकिडवे बसायचे होते, आणि त्यासाठी घोटा पुढच्या बाजूला चांगला वाकावा लागतो. भिंतीला गुडघा टेकवून, टाच न उचलता, अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो हे फिजिओथेरपिस्टने टेपने मोजले. धडधाकट पायाचे अंतर नऊ सेंटिमीटर भरले, मोडलेल्या पायाचे चार. परवा त्या पुन्हा आल्या तेव्हा ते साडेसहा झाले होते, आणि पाटावर बसून भाकऱ्या थापायला सुरुवात केल्याचे त्यांनी मला न विचारताच सांगून टाकले.