पटकथा, उपदेश आणि इतिहास: तीन प्रकारचं लेखन करताना आलेला अनुभव

टीव्हीसाठी लिहिताना आधी मिनिटं मोजायला शिकावं लागतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की हाती २२ मिनिटांच्या आसपास उरतात. म्हणून मी संवादाला हात लावण्याआधी प्रत्येक प्रसंग एका ओळीत मांडतो. ज्या प्रसंगाने पुढे काहीच हलत नाही, तो तिथेच काढायचा. चित्रीकरण झाल्यावर काढला तर सगळ्यांची मेहनत वाया जाते.

चर्चमध्ये मंडळीसमोर करायच्या उपदेशाचं गणित वेगळं. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. मिनिटाला १०० ते ११० शब्द धरले तर २० मिनिटांना सुमारे २,००० शब्द पुरतात. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे, म्हणून मसुदा मोठ्याने वाचूनच तपासतो. चूक होते ती बहुधा बायबलमधलं वचन निवडताना. फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३, म्हणजे चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन घ्या. ‘मी सर्व काही करू शकतो’ एवढंच उचललं की ते यशाचं आश्वासन वाटतं. पण ११ आणि १२ ही वचनं वाचली की कळतं, पत्र लिहिणारा पौल भूक आणि तृप्ती, टंचाई आणि विपुलता या सगळ्यांत समाधानी राहण्याबद्दल बोलतोय. एवढ्याने अख्ख्या उपदेशाची दिशा बदलते.

इतिहासाकडे वळल्यावर या दोन्ही सवयी आडव्या येतात. पटकथेत दोन माणसांचं एक पात्र करता येतं, न ऐकलेला संवाद लिहिता येतो. इथे ते खोटं ठरतं. पुरावा नसेल तिथे पोकळी तशीच ठेवायची आणि वाचकाला तसं सांगायचं. उपदेशामुळे प्रकरणाच्या शेवटी बोध काढावासा वाटतो, तोही मी खोडतो.

टिपण काढताना मूळ शब्द अवतरणात, माझे शब्द वेगळ्या शाईत, आणि पान क्रमांक त्याच क्षणी. ‘नंतर लिहू’ म्हटलं की दुसऱ्याचं वाक्य नकळत आपलं होऊन छापलं जातं.

तारखांना तर फार जपावं लागतं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म त्या वेळच्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१, आजच्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती आणि वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५२मध्ये आजची दिनदर्शिका स्वीकारताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. दोन पत्रांचा क्रम लावताना हे विसरलं तर उत्तर प्रश्नाच्या आधी आल्यासारखं दिसतं. म्हणून टिपणात मी कागदावरची तारीख जशीच्या तशी लिहितो आणि बदललेली तारीख शेजारी कंसात.