बघून सांगतो

काल दुपारी दूध तापवता तापवता आत्तीनं विचारलं, "व्हय गं, ह्या मेटफॉर्मिननं किडनी जाती म्हणं? व्हॉट्सॲपला आलंय. तू शिकायलीस नव्हं, सांग की."

आणि बीएस्सी नर्सिंग तिसऱ्या वर्षाची मी म्हटलं, "बघून सांगतो."

बघून सांगतो! शुगरच्या त्याच गोळीवर फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) पेपरात पानभर लिहून आलेय मी.

रात्री बघायला बसले. अकरापर्यंत मोबाईलवर एकोणीस टॅब. एक म्हणतो किडनी जाते, दुसरा म्हणतो काही होत नाही, तिसरा काढा विकतोय. मग पबमेड उघडलं, वैद्यकीय शोधलेख शोधायची साइट. तिथं लेखांचा आकडा बघूनच घशाला कोरड. 'शुगरची गोळी' म्हणून तिथं भागत नाही, त्यांच्या ठरलेल्या शब्दांत विचारावं लागतं. लायब्ररीत त्याचा तास झाला होता. मेश म्हणजे त्या ठरलेल्या शब्दांची यादी, आणि शब्द जोडायला अँड, ऑर, नॉट. सगळ्यांबरोबर मीही मान हलवली होती. नंतर दोनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेले आणि 'पुढारी' चाळून परत आले. काय अडलं होतं विचारायला? 'तिसऱ्या वर्षाला आली, तरी हिला हे येत नाही,' असं त्यांच्या तोंडावर दिसलं असतं तर.

आईच्या वेळीही असंच. जाऊ दे.

साडेबाराला मेटफॉर्मिन सोडून 'लायब्ररीची भीती' शोधत बसले. (काम टाळायचं म्हटलं की शोधायला बरं जमतं मला.) तर याला रीतसर नाव आहे, लायब्ररी अँग्झायटी! १९८६ साली अमेरिकेत कॉन्स्टन्स मेलन नावाच्या बाईंनी मांडलेलं. त्यांच्या अभ्यासात सहा हजार विद्यार्थी होते आणि शंभरातल्या पंचाहत्तर-पंच्याऐंशी जणांनी भीतीच लिहिली होती. बाकीच्यांना येतं, मलाच येत नाही, विचारलं तर उघडं पडेन. प्रत्येकाचं हेच. म्हणजे एवढं उराशी धरलेलं दुःखसुद्धा माझं एकटीचं नाही? खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

मग 'मेटफॉर्मिन अँड रीनल इन्सफिशियन्सी' (म्हणजे किडनी कमी पडणं) असं नीट टाकलं आणि सापडलं की. गोळी किडनी घालवत नाही, ती किडनीवाटे बाहेर पडते. म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करतात, ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली गेला तर गोळी बंद. कुणीतरी हेच उलटं वाचून पुढं ढकललंय. आत्तीचा ईजीएफआर किती, हे विचारायचं मात्र मला सुचलंच नव्हतं.

आज सकाळी कॉलेजला जाता जाता मंगळवार पेठेत तिच्याकडं थांबले. सगळं सांगितलं, ईजीएफआरसकट.

"ते व्हय? मी कालच डॉक्टरास्नी फोन लावला. रिपोर्ट बघून म्हणाले, चालू ठेवा गोळी."

फोन लावला. विचारलं. झालं!

"बरं, कारल्याच्या रसानं शुगर मुळातनं जाती म्हणं?"

"बघून सांगतो."

मॅडम दहाला येतात.