पंधरा डाव पाणी

घरोघरी जाऊन लोक काय खातात, किती खातात हे विचारणं ही माझी नोकरी. लोकांना वाटतं, यात काय विशेष? विचारायचं आणि लिहायचं. पण काल काय खाल्लं हे कुणालाच धड आठवत नाही. म्हणून एकच दिवस चार-पाच वेळा फिरून विचारावा लागतो. आधी भराभर यादी, मग विसरलेले जिन्नस, मग वेळा, मग प्रमाण, आणि शेवटी पुन्हा एकदा पहिल्यापासून.

प्रमाणाचं मला वेड आहे. ‘वाटीभर’ या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. घरातलीच भांडी मागून घेते आणि पाण्याने मापते.

एका घरी आधी आठ प्रश्न झाले. हे प्रश्न एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, जगभर वापरतात. गेल्या १२ महिन्यांत पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, इथून सुरुवात. मग तेच ते खावं लागलं का, जेवण चुकलं का, कमी खाल्लं का, आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी काढला का. जसेच्या तसे वाचायचे, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. बाई आठही वेळा ‘नाही’ म्हणाल्या. टॅबवर हिरवी खूण आली. आमच्या ऑफिसात हिरवी खूण म्हणजे चांगलं काम.

मग कालचं जेवण. रात्री एकच पातेलं शिजलेलं. नवऱ्याला पाच डाव, सासूला तीन, दोन मुलांना तीन-तीन. “आणि तुम्ही?” “मीपण तीन.” पातेल्यात अन्न कुठवर होतं ते त्यांनी बोटाने दाखवलं. त्यांच्याच डावाने मी तिथवर पाणी भरलं. पंधरा डाव झाले. त्यांच्या हिशेबाने सतरा व्हायला हवे होते. मी पुन्हा मोजलं. पंधराच.

“तुमचं पाणी चुकतंय ताई,” त्या हसून म्हणाल्या.

चुकलं असेलही. डाव कधी काठोकाठ भरतो, कधी नाही. पण इतरांचेच चौदा होत होते, आणि त्यांचं पान शेवटचं. वर घातलेला पाला १५ ग्रॅमही भरेना, म्हणून आमच्या नियमाने तो जमेत धरायचा नाही. बाईच्या आहारात दहापैकी निदान पाच अन्नगट असावेत असा निकष आहे. यांचे दोन भरले.

शेवटचा ठरलेला प्रश्न होता, “काल नेहमीसारखाच दिवस होता का?”

“नाही हो. काल बरा होता. काल दोन्ही वेळा स्वयंपाक झाला.”

मी गप्प बसले. मागे जाऊन आठ प्रश्न पुन्हा विचारायचे नाहीत, असं प्रशिक्षणात बजावलेलं. तशी मुभा दिली तर प्रत्येक जण आपल्याला पटेल ते उत्तर काढून घेईल, हे मलाही कळतं. पण त्या खोटं बोलल्या असंही मला वाटत नाही. शेवटी बसायचं, उरेल ते खायचं. याला त्या ‘कमी खाल्लं’ म्हणतच नसाव्यात. की सासू आतच बसली होती म्हणून? हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांना बाहेर बोलावून विचारायला हवं होतं.

मी तीन डाव लिहिले, कारण त्या तीन म्हणाल्या. शेऱ्यात पाण्याचा हिशेब टाकला. शेरे कोण वाचतं? त्या घराची नोंद ‘अन्नसुरक्षित’ अशी झाली, आठपैकी शून्य. वरिष्ठांनी फॉर्म स्वच्छ भरल्याबद्दल पाठ थोपटली.

पातेलं आधी मोजावं, आठ प्रश्न नंतर विचारावेत, असं मी बैठकीत सुचवलं. जेवणाचा हिशेब आधी झाला तर पुढची उत्तरं बदलतील, असं सांगून वरिष्ठांनी ते नाकारलं. बदलावीत म्हणूनच तर सुचवलं होतं. पुढच्या फेरीचं पत्रक कालच आलं. आठ प्रश्न आधीच आहेत.